बालगंधर्व : तबकडीत उरलेला स्वर

पोटापाण्यासाठी मुलूख सोडून परप्रांतात गेलेल्या मराठी माणसाने आपल्याबरोबर फार थोडे सामान नेले. देवघरातला टाक, आजीच्या हातचे गोधड्यांचे गाठोडे, ज्ञानेश्वरीची पोथी. आणि ज्या घरी थोडी ऐपत व बरीच हौस होती, तेथे चावीचा ग्रामोफोन आणि तबकड्यांची एक पेटी. त्या पेटीत अभंगाच्या, भावगीतांच्या तबकड्या असत. पण मानाचे स्थान बहुधा एकाच आवाजाला असे. तो आवाज नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व यांचा. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपण मागे वळून पाहत आहोत, तेव्हा या थोर नटाचे चरित्र त्या पेटीच्या निमित्ताने आठवणे उचित ठरेल.

नारायणरावांचा जन्म 26 जून 1888 चा. बालवयातच त्यांचा गळा असा गोड होता की, लोकमान्य टिळकांनी ते गाणे ऐकून त्यांना बालगंधर्व हे नाव दिले, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. मूल मोठे झाले, वृद्ध झाले, तरी त्या नावातले बालपण कोणी काढून घेतले नाही.

त्यांच्या जन्मकाळाचा एक योग मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीचे विख्यात गायक नट भाऊराव कोल्हटकर 1901 साली वारले. त्यांच्या आवाजाने वेडावलेली एक पिढी महाराष्ट्रात होती. परंतु ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक हिंदुस्थानात पहिल्यांदा आला तो 1902 साली, आणि कलकत्त्यास गोहरजान यांचे गाणे त्याने मुद्रित केले. अवघ्या एका वर्षाच्या अंतराने भाऊरावांचा आवाज कायमचा काळाच्या पडद्याआड गेला. त्यांच्या जागी पुढे ज्यांना उभे राहावयाचे होते, ते नारायणराव त्या वेळी चौदा वर्षांचे होते. यंत्र आणि गळा एकाच वेळी वयात आले, असे म्हणावयास हरकत नाही.

1905 साली, छत्रपती शाहू महाराजांच्या पाठबळाने, नारायणराव किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम रंगभूमीवर उभे राहिले. सतरा वर्षांच्या या मुलाने मंडळीची गेलेली रया परत आणली. पुढे 12 मार्च 1911 रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग मुंबईस ठरला आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी मरण पावली. प्रयोग रद्द करण्याचा विचार पुढे आला असता, जमलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून त्यांनी तो करावयाचे ठरविले. त्या रात्री भामिनी होऊन ते हसले, लाजले, गायिले. या निष्ठेचे कौतुक अनेकांनी केले आहे. परंतु त्या रात्री घरी काय उरले होते, याचाही विचार वाचकाने क्षणभर करावा. या माणसाने प्रेक्षकांना मायबाप मानले ते केवळ शब्दाने नव्हे.

1913 साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय मंडळीला लाभला. 1916 साली ‘स्वयंवर’ आले. त्याच्या चाली त्यांचे गुरू भास्करबुवा बखले यांनी दिल्या होत्या. 1919 साली राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आले; ते पाहावयास गडकरी हयात नव्हते, महिन्यापूर्वीच त्यांचे निधन झाले होते. त्या नाटकातली दरिद्री सिंधू फाटक्या लुगड्यात उभी राहिली, आणि भरजरी शालूतल्या रुक्मिणीवर लुब्ध झालेला प्रेक्षक तितकाच तिच्यासाठी रडला. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांचा संयुक्त ‘मानापमान’ झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवरावांचे निधन झाले.

ही नाटके म्हणजे त्या काळच्या मराठी कुटुंबाचे खरेखुरे करमणुकीचे स्थान होते. ज्या घरातल्या स्त्रिया एरवी चारचौघांत येत नसत, त्या मुलाबाळांसह नाटकाला येऊ लागल्या. बालगंधर्वांची नेसण, अंबाडा, त्यांचे दागिने यांचे अनुकरण घराघरांत होऊ लागले. एका पुरुषाने स्त्रियांना स्त्रीत्वाचा डौल शिकविला, ही गोष्ट आज नवलाची वाटेल. पण ती घडली आहे.

हे सारे रंगमंदिरातले. परंतु ज्यांना मुंबई-पुणे दूर होते त्यांचे काय? त्यांच्यासाठी तबकडी होती. ग्रामोफोनच्या तबकडीत मुख्य द्रव्य लाखेचे असे आणि ती लाख छोटा नागपूरच्या बाजूच्या जंगलांत पळस, कुसुम अशा झाडांवर होई. सुरुवातीस गाणे येथे मुद्रित होऊन तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर शहरी तयार होत. 1908 साली कंपनीचा कारखाना कलकत्त्यास सियालदह येथे निघाला व पुढे तो डमडमला गेला. तेव्हा मराठी नाट्यपदाची तबकडी पुण्याच्या पेठेत वाजण्यापूर्वी बंगालचे पाणी पिऊन येत असे! परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या योगायोगाचे थोडे अप्रूप वाटावे.

पण तबकडीची एक कठोर अट होती. ती मिनिटाला सुमारे 78 फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. रंगभूमीवर बालगंधर्वांचे एक पद वन्समोअरवर वन्समोअर घेत कितीतरी वेळ चाले. अहमदजान थिरकवांसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया साथीला असे, आणि नाटक उत्तररात्रीपर्यंत रंगे. त्यातले तीन मिनिटांत काय बसणार? सुरुवातीच्या काळात तर मायक्रोफोनही नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गावे आणि आवाजाच्या धक्क्याने सुईने मेणावर रेघ ओढावी, अशी रीत होती. 1925 नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले व सूर अधिक स्वच्छ उमटू लागला. बालगंधर्वांच्या कारकिर्दीने ही दोन्ही युगे पाहिली.

अशा तोकड्या जागेत त्यांनी काय साधले, ते तबकडी कान देऊन ऐकणाऱ्यालाच कळते. पाल्हाळ नाही, तानांची उधळपट्टी नाही; शब्दाचा अर्थ सांभाळून स्वर असा लागतो की, तीन मिनिटे संपली याची हुरहूर उरते. भास्करबुवांसारख्या गायनाचार्यांचा स्वतःचा आवाज रसिकांच्या संग्रहात नाही. त्यांच्या चाली मात्र शिष्याच्या गळ्यातून त्या तबकड्यांत उरल्या आहेत. एका माणसाचे गाणे जपले की त्याच्या गुरूचेही थोडे जपले जाते, ते असे.

वैभवाबरोबर कर्जही वाढत गेले. खरे भरजरी शालू, अत्तरे, उंची देखावे, यांत काटकसर करणे नारायणरावांना कधीच जमले नाही. डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला, तरी तो त्यांनी नाटकांच्या उत्पन्नातून फेडला. मात्र बोलपट आले आणि नाटकांचा प्रेक्षक तिकडे वळला. 1935 साली त्यांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथांची भूमिका केली, परंतु समोर प्रेक्षक नसलेल्या त्या यंत्रापुढे त्यांचे मन रमले नाही. ते पुन्हा नाटकाकडे वळले. 1938 साली गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. पुढे आजाराने पाय जायबंदी झाले, ओढगस्त आली. 1964 साली पद्मभूषण हा सन्मान मिळाला. 15 जुलै 1967 रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे रंगमंदिर पुण्यात उघडले.

त्यानंतर त्यांची पदे लाँग प्ले तबकड्यांवर, मग कॅसेटवर, मग कॉम्पॅक्ट डिस्कवर आली. आता ती हातातल्या फोनवरही ऐकता येतात. मग जुन्या लाखेच्या तबकडीचे काय काम, असे कोणी विचारील. याचे उत्तर संग्राहक देतात. पुन्हा प्रसिद्ध झालेल्या संचांत निवडकच पदे येतात. कित्येक तबकड्यांची उरलेली प्रत एखाद्या घरातल्या माळ्यावरच असते. कंपनीची मूळ साचे-मुद्रणे नेहमीच शिल्लक राहिलेली नसतात. म्हणून 1990 साली मुंबईत जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांची संस्था निघाली, आणि अशा हौशी माणसांनी जुन्या बाजारांतून, भंगारवाल्यांकडून एकेक तबकडी उचलून आणली.

अशी एखादी पेटी आपल्या घरी असेल, तर एवढे करावे. तबकड्या एकमेकींवर रचून न ठेवता उभ्या ठेवाव्यात. पुसण्यास स्पिरिट वापरू नये, त्याने लाख विरघळते. मधल्या कागदावरचा क्रमांक वहीत लिहावा आणि पेटी कोणी, कोणत्या गावाहून, कोणत्या साली आणली, तेही लिहून ठेवावे. मग जाणत्याकडून तिची डिजिटल प्रत करून घ्यावी. तबकडी हातातून निसटली तर तिचे तुकडे होतात, आणि कदाचित ती शेवटची प्रत असते.

आपल्या मुलांपैकी अनेकांचे मराठी आता तुटक झाले आहे. शाळेची भाषा वेगळी, शेजाऱ्याची वेगळी. त्यांना बालगंधर्वांच्या पदातला प्रत्येक शब्द कळेलच असे नाही. तथापि सणावाराच्या संध्याकाळी ती खरखर सुरू व्हावी, आणि तिच्यामागून तो मुलायम स्वर यावा. मूल विचारील, हे कोण गात आहे? त्या वेळी सांगावयास आपल्यापाशी एक नाव आणि एक गोष्ट असावी. भाऊरावांच्या पिढीला जे भाग्य मिळाले नाही, ते आपल्याला मिळाले आहे. ते आपल्या हातून निसटू नये, एवढीच या सुवर्णमहोत्सवी वर्षी प्रार्थना.