भांडवलाचे विश्वस्त : सर दोराबजी टाटा

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा परिपाठ आहे. ह्या वर्षी आम्ही सर दोराबजी टाटा ह्यांचे चरित्र निवडिले, ह्याचे काही वाचकबंधुभगिनींस नवल वाटेल. दोराबजी पारशी, आपल्या ज्ञातीशी त्यांचा काहीएक संबंध नाही. परंतु सद्गुणास ज्ञातीचे कुंपण नसते. शिवाय आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे आता आपली शिल्लक कंपन्यांच्या भागांत गुंतवू लागली आहेत व कित्येक तरुण स्वतःचे कारखाने काढण्याच्या उमेदीत आहेत. पैसा देणारा आणि पैसा मागणारा, ह्या दोघांनीही वाचावे असे हे चरित्र आहे.

आम्ही पस्तीस वर्षे शाळेत मुलांस सरळव्याजाची उदाहरणे घातली. तथापि निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतील काही हिस्सा आम्ही एका आप्ताच्या शब्दावर, माहितीपत्रक न वाचताच, एका कंपनीच्या भागांत घातला आणि त्यातील निम्मा गमाविला. त्यानंतर आम्ही ह्या विषयाचे वाचन आरंभिले व त्यातच दोराबजींची ओळख झाली.

दोराबजींचा जन्म मुंबईस २७ ऑगस्ट १८५९ रोजी झाला. जमशेटजी टाटांचे ते ज्येष्ठ चिरंजीव. केंब्रिज येथे दोन वर्षे शिकून ते १८७९ मध्ये परत आले व १८८२ साली मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातून पदवीधर झाले. पुढे दोन वर्षे त्यांनी वृत्तपत्रात नोकरी केली. श्रीमंताच्या मुलास गादीवर बसविण्याची घाई पित्याने केली नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. १८८४ पासून ते व्यवसायात आले व काही काळ नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये राहिले. ती गिरणी ज्या कंपनीची, ती जमशेटजींनी १८७४ साली पंधरा लक्ष रुपयांच्या भांडवलावर उभारिली होती. अनेकांचा पैसा एकत्र करून मोठे काम कसे करावे, ह्याचा पहिला धडा दोराबजींस घरातच मिळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना व्हावा, हा जमशेटजींचा ध्यास होता. त्यासाठी दोराबजींनी अमेरिकन भूगर्भतज्ज्ञांसमवेत त्या वेळच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातील रानोमाळ पालथे घातले. तेथील लोहारा येथे लोखंडाचे खनिज उत्तम होते, परंतु जवळचा कोळसा भट्टीच्या उपयोगाचा निघाला नाही. अखेरीस मयूरभंज संस्थानातील खनिज हाती आले. पण तत्पूर्वीच, १९ मे १९०४ रोजी, जमशेटजी निवर्तले. पित्याचा संकल्प पुत्राच्या खांद्यावर आला.

खनिज सापडले; आता पैसा हवा होता. एवढा मोठा कारखाना एका पेढीच्या पैशावर उभा राहणे शक्य नव्हते. अशा वेळी कंपनीपुढे दोन वाटा असतात. एक, भाग विकणे. भाग घेणारा हा कंपनीचा धनी होतो. नफा झाला तर त्यास हिस्सा मिळतो, तोटा झाला तर त्याचे भांडवल बुडू शकते. दुसरी, कर्जरोखे काढणे. रोखेधारक हा धनी नसून सावकार असतो; नफा होवो वा न होवो, त्याचे व्याज ठरल्या दिवशी द्यावेच लागते. हा भेद ज्यास कळला, त्यास अर्धे शास्त्र कळले.

त्या काळी जगातील सर्वांत मोठा पैशाचा बाजार लंडनचा. दोराबजी व त्यांचे सहकारी प्रथम तेथेच गेले. परंतु बाजार मंदीत होता, आणि जे धनिक पैसा देऊ पाहत ते कारभारावरही ताबा मागत. परकीय भांडवल घेताना व्याजाचा दर जितका पाहावा, तितकीच त्यामागची अटही पाहावी लागते. लंडनहून रिक्तहस्ते परतल्यावर दोराबजींनी स्वदेशाकडे वळण्याचे धैर्य केले. १९०५ च्या वंगभंगानंतर देशभर स्वदेशीची लाट उसळली होती. शिवाय सरकारने दहा वर्षे प्रतिवर्षी वीस हजार टन रूळ विकत घेण्याचे मान्य केले होते, ही भरवशाची बाब होती.

२६ ऑगस्ट १९०७ रोजी मुंबईस टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची नोंदणी झाली. भांडवल २,३१,७५,००० रुपये. त्यात पंचाहत्तर रुपयांचे दोन लक्ष सामान्य भाग, दीडशे रुपयांचे पन्नास हजार अग्रहक्काचे भाग आणि तीस रुपयांचे साडेबावीस हजार विलंबित भाग, अशी विभागणी होती. अग्रहक्कवाल्यास नफा प्रथम, विलंबितवाल्यास सर्वांमागून. माहितीपत्रक निघताच मुंबईतील टाटांच्या कचेरीवर लोकांची रीघ लागली. गरीब व श्रीमंत, वृद्ध व तरुण, पुरुष व स्त्रिया सकाळपासून रात्रीपर्यंत येत राहिल्या. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी उभारणीस लागणारे सारे भांडवल पुरे केले. पुढे चालू खर्चासाठी चार लक्ष पौंडांचे कर्जरोखे काढले, ते ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे ह्यांनी एकट्यानेच घेतले. एका मराठी संस्थानिकाचा हा हातभार आपण विसरू नये. १९१२ च्या फेब्रुवारीत साक्ची येथे पहिले पोलाद निघाले. हेच गाव १९१९ पासून जमशेदपूर झाले.

१९१० साली दोराबजींना ‘सर’ ही पदवी मिळाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जलविद्युत कंपनीसही देशातच भांडवल मिळाले आणि १९१५ पासून लोणावळ्याच्या पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. तथापि चरित्रकाराने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ह्याच वीजकार्याच्या विस्तारात मुळशीचे धरण आले, आणि १९२१ मध्ये सेनापती बापट ह्यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी जमिनींसाठी सत्याग्रह केला. भाग घेणाऱ्याने स्वखुशीने पैसा दिला होता; मुळशीच्या शेतकऱ्याने जमीन स्वखुशीने दिली नव्हती. हा फरक आम्हांस आजही बोचतो.

महायुद्धानंतर कंपनीने मोठा विस्तार हाती घेतला. यंत्रांच्या किमती चढल्या व परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले. १९२४ साली अशी वेळ आली की, कामगारांचे पगार भागविण्यासही पैसा उरला नाही. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कंपनीच्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरतीच असते. कंपनी बुडाली असती तरी दोराबजींच्या घरच्या संपत्तीस कोणी हात लावू शकला नसता. तरीही त्यांनी सुमारे एक कोटी रुपयांची आपली खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेविली. त्यात त्यांच्या पत्नी मेहेरबाई ह्यांचे जडजवाहीर व २४५ कॅरटांचा प्रसिद्ध ज्युबिली हिराही होता. त्याच वर्षी सरकारने पोलादास संरक्षक जकात दिली आणि कारखाना वाचला.

१९३१ मध्ये मेहेरबाई निवर्तल्या. अपत्य नव्हते. १९३२ साली दोराबजींनी आपली संपत्ती विश्वस्तनिधीस अर्पण केली व त्याच वर्षी ३ जून रोजी जर्मनीत देह ठेविला.

काळाची गंमत अशी की, ज्या कंपनीस विलायतेने पैसा नाकारला, तिने शंभर वर्षांनी, २००७ साली, कोरस ही तेथील पोलाद कंपनी सुमारे ६.२ अब्ज पौंडांस घेतली; त्यातील मोठा हिस्सा परदेशी बँकांच्या कर्जाचा होता. पुढे हा भार कंपनीस फार वर्षे जड गेला. दारे उघडी असली म्हणजे कर्ज हलके होते, असे नाही.

असो. आपल्या तरुणांनी कंपन्या अवश्य काढाव्यात, आणि आपल्या कुटुंबांनी पारखून पैसाही द्यावा. मात्र देणाऱ्याने आधी माहितीपत्रक वाचावे, आणि घेणाऱ्याने पंचाहत्तर रुपयांच्या एका भागामागेही कोणाचे तरी घर उभे आहे, हे स्मरावे. कायद्याने माणसाची जबाबदारी मर्यादित होते. शब्दाची होत नाही. दोराबजींनी ते आचरून दाखविले. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.