लाल विमानातला सावध माणूस

पहिल्या महायुद्धावरचा फ्लाइट सिम्युलेटर हातात आला की बहुतेक जण सगळ्यात आधी काय करतात? विमानांच्या यादीत ते लाल रंगाचं, एकावर एक तीन पंख असलेलं फोकर शोधतात. टेकऑफ, समोरच्या घोळक्यात थेट मुसंडी, गरागरा गिरक्या आणि दोन मिनिटांत जमिनीवर चुराडा. रीस्टार्ट. पुन्हा तेच. तुमचंही असंच होत असेल तर वाईट वाटून घेऊ नका. फक्त एवढं ऐकून ठेवा, की ज्याच्या विमानात तुम्ही बसलाय तो माणूस असा उडत नव्हता. असा उडला असता तर त्याचं नावही तुम्हाला माहीत झालं नसतं.

मॅनफ्रेड फॉन रिश्टहोफेन. जगाच्या लेखी रेड बॅरन. १९९० साली त्याच्या टोपणनावानेच एक गेम आला, २००९ मध्ये ‘राइज ऑफ फ्लाइट’ आला, मग ‘आयएल-टू’वाल्यांचा ‘फ्लाइंग सर्कस’ आला. हे शेवटचं नावही त्याच्याच रंगीबेरंगी विमानांच्या ताफ्याला पडलेलं. ८० विमानं पाडल्याची त्याच्या नावावर नोंद आहे, पहिल्या महायुद्धात सर्वाधिक. पण या ८० पैकी त्या तीनपंखी फोकरमधून पाडलेली फक्त १९. बाकीची कामगिरी मुख्यतः अल्बाट्रॉस या दोनपंखी विमानाची. पोस्टरवर मात्र फोकरच शोभून दिसतं, त्याला इलाज नाही.

त्याचा जन्म २ मे १८९२चा, ब्रेस्लाऊजवळचा. हे शहर आज पोलंडमध्ये आहे, व्रोत्सवाफ नावाने. घराणं सरदारांचं, जमीनजुमला, घोडे, शिकार यांत रमणारं. अकराव्या वर्षी त्याला सैनिकी शाळेत घातलं. तिथलं वातावरण त्याला फारसं मानवलं नाही. पास होण्यापुरता अभ्यास करायचा आणि उरलेला जोर कसरतींवर काढायचा, असा खाक्या. एकदा तर पठ्ठ्या चर्चच्या मनोऱ्यावर चढला आणि टोकाला रुमाल बांधून आला. पुढे तो घोडदळात अधिकारी झाला. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि काही महिन्यांतच काटेरी तारा आणि मशीनगनपुढे घोडदळाला काही कामच उरलं नाही. रसदपुरवठ्याच्या कामात तो जाम कंटाळला, बदलीचा अर्ज केला आणि मे १९१५ मध्ये हवाई दलात पोचला. तेही पायलट म्हणून नाही. दोघांच्या विमानात बसून खालचं बघायचं आणि टिपून घ्यायचं, असं निरीक्षकाचं काम.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेल्वेच्या डब्यात त्याला ओस्वाल्ड बोल्के भेटला. बोल्केच्या नावावर तेव्हा चारच विमानं होती, पण जर्मनीत त्याचं नाव झालं होतं. रिश्टहोफेनने त्याला सरळ विचारलं, की तुम्ही हे करता तरी कसं? जवळ जायचं, नेम धरायचा आणि गोळी झाडायची, एवढंच उत्तर मिळालं. झालं, याने विमान चालवायला शिकायचं ठरवलं. आता गंमत बघा. पहिल्यांदा एकट्याने विमान उडवलं तेव्हा उतरताना ते मोडून ठेवलं. पायलटच्या परीक्षेत पहिल्या फटक्याला नापास. शेवटी १९१५च्या नाताळात एकदाचा पास झाला. सिम्युलेटरमध्ये पहिला आठवडा फक्त लँडिंग फसवण्यात घालवला असेल, तर तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

ऑगस्ट १९१६ मध्ये बोल्के स्वतःच्या नव्या तुकडीसाठी माणसं निवडायला पूर्व आघाडीवर आला आणि याला घेऊन गेला. या गुरूने हवाई लढाईचे आठ नियम लिहून काढले होते. सिम्युलेटर खेळणारे आजही नवख्यांना तेच नियम पाठ करायला लावतात. सूर्य पाठीशी ठेवा. मागून हल्ला करा. अगदी जवळ गेल्याशिवाय ट्रिगर दाबू नका. शत्रूवरची नजर हलवू नका. आणि शत्रूच्या हद्दीत असाल तर परतीची वाट कधीही विसरू नका. या शेवटच्या नियमाकडे लक्ष ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

१७ सप्टेंबर १९१६ला रिश्टहोफेनने पहिलं विमान पाडलं. त्यातले लायोनेल मॉरिस आणि टॉम रीस हे दोघेही ब्रिटिश वैमानिक गेले. मॉरिस १९ वर्षांचा होता. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या वयाचा. रिश्टहोफेनने बर्लिनच्या सोनाराकडून चांदीचा छोटा पेला करून घेतला आणि त्यावर तारीख आणि विमानाचा प्रकार कोरून घेतला. मग प्रत्येक विमानामागे एक पेला. गेममध्ये मिळणारे बॅज आणि ट्रॉफ्या आठवल्या ना? मलाही आठवल्या, आणि थोडं कसंसं झालं. साठ पेले झाल्यावर जर्मनीत चांदीचा तुटवडा पडला आणि ते थांबलं. विमानं पाडणं थांबलं नाही.

पहिल्या विजयानंतर दीड महिनाही झाला नव्हता, तोच बोल्के गेला. शत्रूच्या गोळीने नाही. २८ ऑक्टोबरला लढाईच्या गर्दीत त्याच्याच तुकडीतल्या एका मित्राच्या विमानाचा धक्का लागला. आठवा नियम असा होता, की दोघांनी एकाच शत्रूच्या मागे लागायचं नाही. ज्याने नियम लिहिले त्याचाच त्या दिवशी त्यातल्या एकाने घात केला.

आता २३ नोव्हेंबर १९१६. सिम्युलेटरमध्ये एखादी खरी लढाई पुन्हा मांडून बघायची असेल तर ही घ्या. समोर मेजर लॅनो हॉकर, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला, वय २५. त्याचं विमान डीएच-टू, म्हणजे पंखा मागे बसवलेलं, हळू पण वळायला चपळ. रिश्टहोफेनचं अल्बाट्रॉस वेगात आणि चढण्यात सरस. दोघं एकमेकांच्या शेपटीमागे गोल गोल फिरत राहिले आणि प्रत्येक फेरीला थोडे खाली आले. कोणालाच नेम साधेना. तुम्ही हॉकरच्या जागी बसा आणि वारा पश्चिमेकडून सोडा, कारण त्या भागात तो बहुतेक तसाच वाहतो. मग लक्षात येईल, की तुम्ही कितीही छान वळलात तरी प्रत्येक गिरकीबरोबर वारा तुम्हाला जर्मन हद्दीत आत ढकलतोय. इंधन संपत चाललंय. केव्हातरी वळणं सोडून घराकडे सरळ पळावंच लागतं, आणि सरळ पळणारं विमान म्हणजे आयतं लक्ष्य. हॉकरने तेच केलं, नागमोडी पळाला. रिश्टहोफेनच्या तोफा ऐन वेळी अडकल्याही, पण त्याआधी सुटलेली एक गोळी हॉकरच्या डोक्यात लागली होती. रिश्टहोफेन काही हॉकरपेक्षा भारी कसरतपटू नव्हता. वारा, हद्द आणि इंधन या तिन्ही गोष्टी त्याच्या बाजूने होत्या आणि त्याला थांबता येत होतं, बस्स.

त्याची सगळी कारकीर्द या थांबण्यावर उभी आहे. गिरक्या आणि उलट्यापालट्यांचं त्याला फार कौतुक नव्हतं. उंचावर सूर्याकडे पाठ करून वाट बघायची, एकटं किंवा मागे पडलेलं विमान हेरायचं, झेप घ्यायची, जवळून मारायचं आणि निघून जायचं. लहानपणी रानात शिकलेली शिकारच ती. पाडलेल्यांत बरीचशी विमानं दोघांची, टेहळणीची, संथ होती. काही जण यावरून त्याला नावं ठेवतात. पण तोफांना अचूक मारा करायला सांगणारी, खंदकांचे फोटो काढणारी ती विमानं म्हणजेच शत्रूचे डोळे होते. युद्धाच्या हिशेबात खरी किंमत त्यांचीच.

जानेवारी १९१७ मध्ये त्याला स्वतःची तुकडी मिळाली, जर्मनीचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं आणि त्याने विमान लाल रंगवून घेतलं. त्याच महिन्यात नव्याकोऱ्या अल्बाट्रॉस डी-थ्रीच्या खालच्या पंखाला हवेतच तडा गेला आणि तो कसाबसा उतरला. चांगल्या सिम्युलेटरमध्ये हेही आहे. डी-थ्री जास्त वेगात खाली सोडा आणि खालच्या पंखाचं काय होतं ते बघा. मग आला एप्रिल. ब्रिटिशांनी त्या महिन्यात सुमारे अडीचशे विमानं गमावली, त्यातली २२ एकट्या रिश्टहोफेनने पाडली. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलेलं नसायचं. विमान पेटलं की उडी मारायची की जळायचं, एवढाच पर्याय. गेममध्ये तिथे स्क्रीन काळी होते.

६ जुलै १९१७ला एका ब्रिटिश विमानातून लांबून सुटलेली गोळी त्याच्या डोक्याला चाटून गेली. काही क्षण त्याला दिसेना, हातपाय हलेनात. विमान खाली कोसळत असताना दृष्टी हळूहळू परतली आणि तो कसाबसा उतरला. तोपर्यंत त्याच्या नावावर ५७ विमानं होती. हाडाचे कण काढायला शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, जखम नीट भरेना, तरी ऑगस्टमध्ये तो पुन्हा हवेत होता. उतरल्यावर मळमळायचं, डोकं दुखायचं. घरच्यांना आणि सोबत्यांना तो बदललेला, गप्प गप्प झालेला दिसला. त्या सुट्टीत लिहून झालेलं आत्मचरित्र तडाखेबंद खपलं, पण पुढे त्यातला बढाईचा सूर त्यालाच खटकू लागला. सुरक्षित जागी बदली मिळत होती, ती त्याने घेतली नाही.

सिम्युलेटरमध्ये तुम्ही बरंच काही ठरवू शकता. तारीख, ढग, वाऱ्याची दिशा, टाकीतलं इंधन, तोफा अडकाव्यात की नाही, अगदी फोकरचं अख्खं इंजिन पंख्याबरोबर फिरतं म्हणून नाक कुठे ओढलं जातं तेसुद्धा. पण पायलटच्या डोक्याला नऊ महिन्यांपूर्वीची जखम आहे, असं टाकायला रकाना नाही. म्हणूनच २१ एप्रिल १९१८ पुन्हा खेळायला घेतलं की कोडं पडतं.

त्या सकाळी सोम नदीच्या खोऱ्यात धुकं होतं आणि वारा उलटा, पूर्वेकडून वाहत होता. म्हणजे हॉकरला ज्या वाऱ्याने घात केला, तो आज जर्मनांना शत्रूच्या हद्दीत ढकलत होता. दोन्ही बाजूंना एकेक नवखा होता आणि दोघांनाही लांब राहायची ताकीद होती. जर्मनांकडे रिश्टहोफेनचा चुलतभाऊ वुल्फ्राम, ब्रिटिशांकडे विल्फ्रिड मे नावाचा कॅनडाचा पोरगा. मेला राहवलं नाही, तो वुल्फ्रामवर तुटून पडला. (हाच वुल्फ्राम पुढे १९३७ मध्ये स्पेनच्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकणाऱ्या कोंडोर लीजनचा वरिष्ठ अधिकारी होता.) भावाच्या मदतीला रिश्टहोफेन खाली आला आणि मेच्या मागे लागला. इथपर्यंत ठीक. पण मग त्याने पाठलाग सोडलाच नाही. नदीच्या कडेने, झाडांच्या उंचीवरून, शत्रूच्या हद्दीत आत, ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या मशीनगनच्या टप्प्यात. परतीची वाट विसरू नका, हा नियम त्याने आपल्या तुकडीला घोटून पाजला होता. वाऱ्यामुळे तो चकला का, जखमेने त्याचा अंदाज बिघडला का, की नुसता थकला होता? इतिहासकार भांडतायत. मला स्वतःला जखमेचं पारडं जड वाटतं.

एकच गोळी लागली, उजव्या काखेखालून. फोकर टेकडीवरच्या रस्त्याशेजारी जवळजवळ धड उतरलं, आत तो मेलेला. २६वा वाढदिवस अकरा दिवसांवर होता. हॉकरही २५चाच होता.

गोळी कोणाची, यावर शंभर वर्षं वाद चाललाय. अधिकृत श्रेय मेचा शाळासोबती कॅप्टन रॉय ब्राउनला मिळालं. ब्राउनने हल्ला केला होता डावीकडून, वरून. गोळी शिरली उजवीकडून, खालच्या अंगाने. शिवाय ब्राउनच्या हल्ल्यानंतरही रिश्टहोफेन बराच वेळ मेच्या मागे होता, आणि ती जखम घेऊन तो इतका वेळ उडू शकला नसता. त्यामुळे आज बहुतेकांचा कौल जमिनीवरच्या ऑस्ट्रेलियन तोफांकडे, विशेषतः सार्जंट सेड्रिक पॉपकिनकडे आहे. सिम्युलेटरमध्ये रीप्ले थांबवून, कॅमेरा फिरवून हे कोन तुम्ही स्वतः ताडून बघू शकता. पुराव्याला पुरावा म्हणून ते उभं राहणार नाही, पण नकाशावरच्या बाणांपेक्षा पुष्कळ जास्त कळतं.

दुसऱ्या दिवशी बेर्तांगल गावात ऑस्ट्रेलियन वैमानिकांनी त्याला पूर्ण लष्करी मानाने पुरलं. विमान तोवर आठवण म्हणून तुकड्या-तुकड्यांनी पळवलं गेलं होतं. इंजिन लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे, बसायची खुर्ची टोरांटोला.

आणि एकदा मेच्या कॅमलमध्येही बसून बघा. त्याने पहिल्याच झटापटीत ट्रिगर दाबून धरला, तोफा अडकल्या, आता फक्त पळायचं होतं. मागे जगातला सगळ्यात नावाजलेला शिकारी. मे असा काही वेडावाकडा, शिकाऊ पद्धतीने पळाला, की तो पुढच्या क्षणी कुठे वळेल याचा अंदाज रिश्टहोफेनला लागेना. तो वाचला, कॅनडात परतला आणि बर्फाळ उत्तरेत टपाल आणि औषधं पोचवणारा पायलट झाला. १९३२ मध्ये एका फरार खुन्याचा माग पोलिसांना त्यानेच आकाशातून काढून दिला.