दारोदारी टोपली घेऊन फिरलेली संत : जीन जुगान

३० ऑगस्ट हा संत जीन जुगान यांचा स्मरणदिन. निराधार वृद्धांचा सांभाळ करणाऱ्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ ह्या धर्मभगिनींच्या संघाच्या त्या संस्थापिका. घरातील वृद्धांचे कोणी करावे, हा प्रश्न हल्ली आपल्या कुटुंबांतही दबक्या आवाजात विचारला जातो. म्हणून हे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

जीन यांचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कांकाल ह्या मच्छीमारांच्या गावी झाला. राज्यक्रांतीचे दिवस होते, उघड धर्माचरण धोक्याचे होते. त्या लहान असतानाच दर्यावर गेलेले वडील परतले नाहीत. समुद्रकाठच्या आमच्या वाचकांना ह्यापेक्षा अधिक सांगावयास नको. सोळाव्या वर्षी त्या एका उमराव घराण्याच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या. पुढे सें-सेर्वां शहरातील रुग्णालयात सुमारे सहा वर्षे रुग्णसेवा आणि नंतर एका बाईंच्या घरी बारा वर्षे नोकरी, असे त्यांचे आयुष्य कष्टातच गेले. लग्नाची मागणी त्यांनी केव्हाच नाकारली होती.

१८३९ च्या हिवाळ्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी ॲन शोव्हें नावाच्या अंध व अर्धांगवायूने पंगू झालेल्या वृद्धेला आपल्या भाड्याच्या खोलीत आणले. तिला स्वतःचा बिछाना दिला आणि स्वतः माळ्यावर निजू लागल्या. ना ठराव, ना इमारत, ना देणगीदार! लवकरच दुसरी वृद्धा आली. १८४१ साली मोठी जागा घेतली तेव्हा बारा जणी झाल्या, आणि १८४२ मध्ये एक जुना मठ विकत घेतल्यावर ही संख्या चाळीसच्या घरात गेली.

एवढ्या तोंडांना घास कोठून आणावयाचा? ह्या वृद्धांपैकी अनेक जणी पूर्वी भीक मागून जगत. पुन्हा रस्त्यावर गेल्या की जुनी व्यसने त्यांना गाठत. जीन यांनी त्यांच्याकडून दात्यांची नावे व पत्ते विचारून घेतले, हातात टोपली घेतली आणि त्यांच्या वतीने त्या स्वतः दारोदारी जाऊ लागल्या. आमच्या मते त्यांच्या सेवेचे मर्म येथेच आहे. लाचारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली आणि वृद्धांची त्यातून सुटका केली. ज्यांचे हात चालत त्या वृद्धा घरी बसून सूत कातीत, लोकर पिंजीत. त्यामुळे आपण कोणावर ओझे आहोत असे त्यांना वाटत नसे. एकदा एका गृहस्थाने जीन यांना थप्पड मारली. ही थप्पड माझ्या वाट्याची झाली, आता माझ्या गरिबांसाठी काहीतरी द्या, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी शांतपणे दिल्याचे सांगतात. आंझे येथील घरात वृद्धांना कोरडा पाव खाताना पाहून त्यांनी लोण्याची रिकामी भांडी संत योसेफाच्या पुतळ्यापुढे मांडून ठेवली, आणि लोणी आले!

आता जे लिहावयाचे ते सुखद नाही, पण टाळणे योग्य होणार नाही. डिसेंबर १८४३ मध्ये भगिनींनी जीन यांची पुन्हा प्रमुख म्हणून निवड केली. अवघ्या पंधरवड्यात तेथील धर्मगुरू ऑग्युस्त ल पायेर यांनी ती निवड रद्द केली व मारी जामे ह्या तरुण भगिनीस प्रमुख नेमले. जीन यांनी पुन्हा टोपली उचलली. १८४५ साली फ्रेंच अकादमीने त्यांच्या कार्याला मोंतियों पारितोषिक दिले. १८४६ मध्ये रेन व दिनां येथे नवी घरे झाली. परंतु १८५२ साली त्यांना मातृगृहात बोलावून घेण्यात आले आणि दात्यांशी संबंध तोडण्यास सांगण्यात आले. पुढची सत्तावीस वर्षे, बहुतांश सें-पेर्न येथे, सिस्टर मेरी ऑफ द क्रॉस ह्या नावाने त्या नवशिष्यांमध्ये राहिल्या. काठी टेकीत हिंडणारी ही वृद्ध सिस्टर म्हणजेच आपल्या संघाची संस्थापिका, हे त्यांपैकी बहुतेकींना ठाऊक नव्हते. संस्थापक म्हणून ल पायेर यांचेच नाव घेतले जात होते. वृद्धांना ज्यांनी नाव व मान दिला, त्यांचेच नाव पुसले गेले. आज्ञाधारकपणाचा गौरव आम्हीही करतो, पण त्यामुळे झालेला अन्याय अन्याय राहत नाही असे मात्र नव्हे.

२९ ऑगस्ट १८७९ रोजी जीन यांचे निधन झाले. तेव्हा संघात सुमारे २४०० भगिनी होत्या आणि घरे होती १७७. तीन वर्षांनी, १८८२ साली, कोलकाता येथे भारतातील पहिले घर उघडले. १८९० साली रोमकडून चौकशी होऊन ल पायेर यांना पदावरून दूर करण्यात आले. आपण पहिल्या नव्हतो, हे मारी जामे यांनीही अखेरीस मान्य केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३ ऑक्टोबर १९८२ रोजी जीन यांना धन्यवादित घोषित केले, आणि ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. त्याच मिस्सात कुष्ठरोग्यांचे सेवक फादर दामियन हेही संत घोषित झाले.