दगडांच्या दरीतील शिशुवर्ग

गेल्या जून महिन्यात आमच्या चर्चमध्ये शब्बाथशाळेच्या वर्गांची वाटणी झाली. मोठ्या मुलांना शिकवायला तिघेजण पुढे आले. तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा शिशुवर्ग मात्र कोणी मागेना. पाळकसाहेबांनी दोनदा विचारले. ते तिसऱ्यांदा विचारणार, एवढ्यात मी हात वर केला. खरे सांगायचे तर लांबलेली सभा एकदाची संपावी, यापलीकडे माझा काही उदात्त हेतू नव्हता. बाहेर पडताना एका काकूंनी धीरही दिला की, तासभर मुले सांभाळायची, त्यात शिकवायचे ते काय!

पहिल्या रविवारी मी नोहाच्या तारवाची गोष्ट पाठ करून गेले. जलप्रलय सुरू होण्यापूर्वीच दोन मुले रडू लागली आणि एकाने चपला घालून घरचा रस्ता धरला. पुढचे रविवारही फारसे निराळे गेले नाहीत. दिवाळीनंतर हे काम सोडायचे, असे मी मनाशी ठरवून टाकले. त्याच सुमारास महाविद्यालयाच्या ग्रंथालयात योहान फ्रीड्रिख ओबरलिन यांच्या चरित्राचे एक जुने पुस्तक माझ्या हाती लागले. त्यांची ही ओळख मित्रमैत्रिणींना करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

ओबरलिन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजी आल्सास प्रांतातील स्ट्रासबर्ग शहरी झाला. तेथेच त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. सैन्यातील एका पलटणीचे धर्मगुरू म्हणून जाण्याच्या तयारीत ते होते. तेवढ्यात स्टूबर नावाचे एक ज्येष्ठ पाळक त्यांना शोधत त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत आले. ओबरलिन तेव्हा दातदुखीने बेजार होऊन पडले होते. व्होझ पर्वतातल्या एका दुर्गम दरीतील मंडळीसाठी स्टूबर यांना आपल्यामागे कोणी तरी हवे होते. या दरीला जर्मनमध्ये श्टाइनताल, म्हणजे दगडांची दरी, असे नाव होते. जमीन खडकाळ, हिवाळा लांबलचक, रस्ता नाही आणि लोक कमालीचे गरीब.

शिक्षणाची अवस्था काय होती, हे स्टूबर यांच्याच एका अनुभवावरून कळते. १७५० मध्ये ते प्रथम तेथे गेले तेव्हा त्यांनी शाळा कुठे आहे म्हणून विचारले. लोकांनी त्यांना एका झोपडीत नेले. आत मुलांचा गोंगाट चालला होता आणि कोपऱ्यातील खाटेवर एक म्हातारा पडून होता. तोच शिक्षक! तो पूर्वी गावची डुकरे राखत असे. वयोमानाने ते काम झेपेना, म्हणून गावाने त्याला मुले राखायला बसवले होते. काय शिकवता, असे विचारल्यावर त्याने प्रांजळपणे सांगितले की, मला स्वतःलाच काही येत नाही, तेव्हा शिकवणार काय? हे वाचताना मला प्रथम हसू आले. मग चर्चमधील ती सभा आठवली आणि हसू मावळले. ज्याला दुसरे काम जमत नाही त्याच्याकडे लहान मुले सोपवायची, ही समजूत त्या दरीपुरती थोडीच होती!

१७६७ मध्ये ओबरलिन वाल्डर्सबाख गावी पाळक म्हणून दाखल झाले. दरीला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता करायचे त्यांनी ठरवले, तेव्हा गावकऱ्यांनी ते अशक्य म्हणून नकार दिला. त्यांनी स्वतः कुदळ खांद्यावर घेतली आणि कामाला सुरुवात केली. हळूहळू लोक मागे आले. रस्ता झाला, नदीवर पूल झाला. बटाट्याचे चांगले बियाणे आले, फळझाडे लागली, तरुण मुले शहरात जाऊन कारागिरी शिकून आली. पण आईबाप शेतावर गेले की पाठीमागे राहिलेल्या चिमुकल्यांचे काय, हा प्रश्न उरतच होता.

त्याचे उत्तर पाळकांना नव्हे, एका खेडवळ तरुणीला प्रथम सापडले. बेलमाँ गावची सारा बॅन्झेट ही मुलांना आपल्या घरी जमवून विणकाम शिकवीत असे. तिला कोणी नेमले नव्हते. तिच्या वडिलांना तर हा रिकामा उद्योग मुळीच पसंत नव्हता. ओबरलिन यांचे मोठेपण मला येथे दिसते. त्या कामाचे मोल त्यांनी ओळखले, वडिलांची समजूत घातली आणि १७६९ मध्ये साराला रीतसर नेमणूक दिली. अशीच व्यवस्था दरीतल्या इतर गावांतही झाली. या कामातील स्त्रियांना त्यांनी एक सुरेख नाव दिले. त्याचा अर्थ कोवळ्या मुलांच्या मार्गदर्शिका असा होतो.

वर्ग उबदार खोलीत भरत. थोडी मोठी मुले सुया घेऊन विणत बसत आणि अगदी लहान मुले भोवती खेळत. हात कामात गुंतले की बाई पवित्र शास्त्रातील गोष्टी सांगत, पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची चित्रे दाखवत, गाणी म्हणवून घेत. मुले रानात जाऊन झाडपाला ओळखायला शिकत. बोलीऐवजी शुद्ध फ्रेंच शिकवण्यावर मात्र ओबरलिन यांचा कटाक्ष होता. मुलांच्या घरच्या भाषेला वर्गाबाहेर ठेवणे आज आपल्याला खटकेल, आणि खटकावेही. तरीपण फ्रोबेल यांनी बालोद्यानाची कल्पना मांडली त्याच्या जवळजवळ सत्तर वर्षे आधी हे सारे घडत होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

सारा १७७४ मध्येच वारली. पुढे बेलफॉस गावच्या लुईझ शेपलर हिने हे काम उचलले. १७६३ मध्ये जन्मलेली ही मुलगी कोवळ्या वयातच पाळकांच्या घरी कामाला आली होती. १७८३ मध्ये ओबरलिन यांच्या पत्नीचे निधन झाले, तेव्हा पोरक्या लेकरांचा संसारही तिनेच सांभाळला. पगार घ्यायचे तिने नाकारले. मला घरची मुलगी समजा, एवढेच तिचे मागणे होते. गावोगावचे शिशुवर्ग तिने वर्षानुवर्षे चालवले.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, ओबरलिन यांना अटक झाली. पण लवकरच सुटका होऊन ते परतले. १८१९ मध्ये त्यांना फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर हा बहुमान मिळाला. एकोणसाठ वर्षे त्याच दरीची सेवा करून १ जून १८२६ रोजी त्यांनी देह ठेवला. पुढे अमेरिकेत १८३३ मध्ये स्थापन झालेल्या एका महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. लुईझला १८२९ मध्ये फ्रेंच अकादमीने सद्गुणांसाठीचे पाच हजार फ्रँकांचे पारितोषिक दिले. ती १८३७ मध्ये वारली. ज्या साराने हे रोपटे प्रथम लावले, तिच्या वाट्याला ना पदक आले, ना पारितोषिक.

पुस्तक मिटले तेव्हा मला माझी चूक उमगली. मी मुलांना हात बांधून, तोंड मिटून ऐकायला लावत होते. पुढच्या रविवारी मी दोरा आणि मोठे मणी घेऊन गेले. मणी ओवता ओवता त्यांनी नोहाची गोष्ट ऐकली. प्राणी दोन-दोन आत गेले, तसे मणीही दोन-दोन ओवले गेले. चार महिन्यांत एक शब्दही न बोललेल्या एका मुलीने मान वर करून विचारले की, तारवात मांजर होते का? होते, दोन होती, असे मी सांगितले. तिने लगेच आणखी दोन मणी ओवले.

दिवाळी होऊन गेली, नाताळही झाला. काम मी सोडलेले नाही. अजूनही वर्गात रडारड होते आणि चपला घालून कोणी ना कोणी दाराकडे धावतेच. पण येत्या जूनमध्ये शिशुवर्ग कोण घेणार, असे पाळकसाहेब विचारतील, तेव्हा त्यांना दुसऱ्यांदा विचारावे लागणार नाही.