नाण्यांची झीज मोजणारा गणिती

सातारा-सांगली भागात शेत नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया उकरताना अजूनही एखादी शिवराई हाती लागते. तांब्याचे हे नाणे जमवणारे हौशी संग्राहक एका बाजूचे ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘छत्रपति’ ही अक्षरे बारकाईने पाहतात. अक्षरांचे वळण, मधल्या रेघा, कडेच्या खुणा यांवरून गट पाडतात. दोन समांतर रेघांची ‘दुदांडी’ शिवराई मग वेगळ्या कप्प्यात जाते. पण ज्या नाण्यावर राजाचे नाव नाही, साल नाही, अक्षरही नाही, त्याचे काय करायचे? भारतातील सर्वात जुनी चांदीची नाणी नेमकी अशीच आहेत. त्यांचा क्रम लावण्याची शास्त्रीय रीत शोधली ती दामोदर धर्मानंद कोसंबी या गणितज्ञाने.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे नामवंत अभ्यासक. ते अध्यापनासाठी अमेरिकेला गेले, तेव्हा १९१८ मध्ये लहानग्या दामोदरलाही सोबत घेऊन गेले. हार्वर्ड विद्यापीठातून १९२९ मध्ये पदवी घेऊन दामोदर भारतात परतले. बनारस आणि अलिगड येथे शिकवल्यानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले.

पुण्यात असताना त्यांना संख्याशास्त्र शिकायचे होते. नुसती पुस्तके वाचून ते येणार नाही, खरा प्रश्न हाती घेऊन सोडवला पाहिजे, असा त्यांचा स्वभाव. तो प्रश्न त्यांना आहत नाण्यांत सापडला. चांदीच्या तुकड्यावर ठसे मारून केलेली ही नाणी अडीच हजार वर्षांपूर्वी चलनात होती. दर्शनी बाजूला बहुधा पाच ठसे: सूर्य, सहा आऱ्यांचे चिन्ह, डोंगर, प्राणी वगैरे. मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा, कुठे एक, कुठे अनेक. अभ्यासक या चिन्हांचे अर्थ लावण्यात गुंतले होते. कोसंबींनी हाती तराजू घेतला.

त्यांचा विचार साधा होता. नाणे हातोहाती फिरले की झिजते. टांकसाळीतून निघताना सगळ्या नाण्यांचे वजन जवळपास सारखे असते. वर्षे सरतात तशी सरासरी घटत जाते. शिवाय एखादे नाणे फार फिरते, एखादे कुणाच्या पेटीत पडून राहते, म्हणून वजनांतील तफावतही वाढत जाते. हे खरे आहे का, हे तपासण्यासाठी त्यांनी आधी आपल्या काळातील, साल छापलेली हजारो चालू नाणी तोलली. साल जितके जुने, तितकी सरासरी कमी, हे दिसून आले.

यातली खुबी समूहात आहे. एकाच मुलाचे वजन करून गावातील कुपोषण कळत नाही, शंभर मुलांची सरासरी मात्र बोलते. तसेच एकटे नाणे आपले वय सांगत नाही, गट सांगतो.

तक्षशिलेच्या भीर टेकडीत १९२४ मध्ये हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला होता. त्यात अलेक्झांडरची नवीकोरी नाणीही होती, त्यामुळे साठा साधारण कधी पुरला गेला हे ठाऊक होते. त्याची सविस्तर नोंद १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. कोसंबींनी या नाण्यांचे मागच्या खुणांच्या संख्येनुसार गट पाडले. खुणा जितक्या जास्त, तितके सरासरी वजन कमी, असा सरळ क्रम लागला. म्हणजे त्या खुणा नाणे पारखून घेणाऱ्यांनी वेळोवेळी मारलेल्या असाव्यात आणि त्या नाण्याच्या वयाबरोबर वाढत गेल्या. मग दर्शनी पाच ठशांचे गट वजनाच्या क्रमाने मांडले, की कोणता गट आधीचा आणि कोणता नंतरचा हे ठरवता येऊ लागले.

या रीतीला मर्यादा आहेत, आणि त्या त्यांना माहीत होत्या. नाणे जमिनीत गेले की चलनातली झीज थांबते, म्हणून तुलना एकाच साठ्यातील नाण्यांची करावी लागते. धातूतील भेसळ बदलली तर झीजही बदलते. मौर्यकाळातील नाण्यांत तांबे जास्त आणि वजनात अनियमितता जास्त आढळली. त्यातूनही कोसंबींनी त्या राज्याच्या तिजोरीवरील ताणाचा अंदाज बांधला.

योगायोग असा, की १९३९ मध्येच अमेरिकेत जेफरसन बर्डिक नावाच्या कामगाराने सिगारेटच्या पाकिटात मिळणाऱ्या चित्रपत्रांची पहिली सूची काढली. विसाव्या शतकातील तंबाखू कंपन्यांच्या पत्रांना त्याने ‘टी’ हे अक्षर आणि पुढे क्रमांक दिला. १९०९ ते १९११ दरम्यानची बेसबॉलपटूंची ‘टी-२०६’ मालिका आजही त्याच नावाने ओळखली जाते. तिथेही संग्राहक पुढचे चित्र पाहून थांबत नाहीत, पाठीमागे कोणत्या सिगारेटची जाहिरात आहे त्यावरून पोटगट पाडतात. संधिवाताने बोटे आखडलेल्या बर्डिकने तीन लाखांहून अधिक पत्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली आणि १९६३ मध्ये तो गेला.

नाण्यांवर काम चालू असतानाच, १९४४ मध्ये कोसंबींनी जनुकशास्त्रात मोलाची भर घातली. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे संततीतील गुणांच्या अदलाबदलीवरून काढण्याचे सूत्र त्यांनी मांडले. ‘कोसंबी फलन’ या नावाने ते पिकांच्या आणि प्राण्यांच्या जनुकीय नकाशांसाठी आजही वापरले जाते.

१९४५ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९६२ पर्यंत तिथे होते. राहणे पुण्यातच, प्रवास डेक्कन क्वीनने. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांचेही त्यांनी गट लावले आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. भारतीय इतिहासावरील त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये आला. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालून ते अश्मयुगातील दगडी पाती वेचत. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या अवघ्या ५८ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाने एक व्यवहारी धडाही दिला. सापडलेले नाणे चिंच किंवा आम्ल लावून लख्ख घासले, की त्याच्या वजनात साठलेला पुरावा धुऊन जातो. साठा वाटून घेतला, तर गट तुटतो आणि उरलेली नाणी मुकी होतात. १८७८ च्या कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. मडक्यात सापडलेली नाणी न घासता, न वाटता, मडक्यासकट सुपूर्द केली, तरच उद्या एखाद्याला ती तराजूत घालून त्यांचा काळ विचारता येईल.