परागंदा मुलांचे गुरू : योहान आमोस कोमेनियस

कोमेनियस यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोरेव्हिया प्रांतात झाला. हा प्रांत आता चेक प्रजासत्ताकात मोडतो. त्यांचे आईबाप तेथील बंधुमंडळीपैकी होते. बाळपणीच ते पोरके झाले आणि लॅटिन शाळेत पाऊल टाकण्यास त्यांस सोळावे वर्ष उजाडले. त्या काळच्या शाळांची रीत मोठी कठोर असे. जी भाषा मुलास मुळीच कळत नाही, तिचे व्याकरण त्याच भाषेतून घोकावयास लावीत, व चुकल्यास छडी बसे. जाणत्या वयात हे सोसल्यामुळे ही रीत पालटावी असे त्यांच्या मनाने घेतले.

१६१८ साली फुलनेक येथील मंडळी व शाळा त्यांजकडे आली. परंतु १६२० साली प्राग शहरानजीक प्रॉटेस्टंट पक्षाचा मोड झाला. पुढे सैनिकांनी फुलनेक लुटले, आणि कोमेनियस यांची पत्नी व दोन लेकरे साथीत गेली. अखेर १६२८ साली स्वदेश सोडून ते पोलंडातील लेश्नो गावी आश्रयास गेले.

तेथे ते शाळेत शिकवू लागले. परागंदा कुटुंबांतील मुलांच्या घरी चेक भाषा, गावात पोलिश व जर्मन आणि विद्येची भाषा लॅटिन. अशा मुलांस शिकवावे कसे? कोमेनियस यांचे मत असे पडले की, सहा ते बारा वर्षांच्या सर्व मुलांस व मुलींस, मग ती गरिबांची असोत की श्रीमंतांची, प्रथम मातृभाषेतूनच शिक्षण द्यावे. ती पक्की होत आली म्हणजे दहाव्या वर्षानंतर शेजाऱ्यांची भाषा, तीही ती बोलणाऱ्या लोकांत राहून शिकवावी. लॅटिन त्याच्या मागून. आधी वस्तू दाखवावी, मग शब्द सांगावा.

याच धोरणाने त्यांनी १६३१ साली ‘भाषांचे उघडलेले द्वार’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक छापिले. त्यात सोप्यापासून कठीणाकडे जाणारी सुमारे १००० वाक्ये आहेत. १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे त्यांचे ‘चित्रमय जग’ निघाले. त्यात चित्रातील प्रत्येक वस्तूस आकडा घातला असून तोच आकडा शेजारी छापलेल्या लॅटिन व जर्मन शब्दांस दिला आहे. त्यामुळे नवा शब्द मुलास ओळखीच्या शब्दाच्या हाती धरून भेटतो.

त्यांस स्वतःस मात्र मायदेश पुन्हा लाभला नाही. १६४८ च्या तहानेही परतीची वाट उघडली नाही. १६५६ साली लेश्नो जळाले, तेव्हा चाळीसांहून अधिक वर्षे खपून रचिलेला त्यांचा चेक भाषेचा कोश भस्म झाला. तरी त्यांनी लेखणी खाली ठेविली नाही. १५ नोव्हेंबर १६७० रोजी आम्स्टरडॅम येथे त्यांचा अंत झाला. त्यांची कबर नार्डेन गावी आहे.

शिक्षकबंधूंनो, पोटासाठी परमुलखातून आलेल्या कुटुंबाचे मूल आपल्या शाळेत मुके बसलेले दिसले, तर त्यास मंद म्हणू नका. घरी ते चुरूचुरू बोलत असते. त्याच्या भाषेतील पाचदहा शब्द आधी आपण शिकावे, म्हणजे आपली भाषा शिकावयास ते आपण होऊन पुढे येईल.