सायकल दुरुस्तीच्या दुकानातून किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला

किर्लोस्कर म्हटलं की पंप आणि इंजिन आठवतं. पण या उद्योगाची सुरुवात झाली ती बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नव्हते. मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले.

तेव्हा सायकली परदेशातून यायच्या. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे, तिथे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे आणि लोकांना चालवायलाही शिकवायचे. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

विकलेली सायकल बिघडली की ती दुरुस्त करणंही आलंच. चेन, बेअरिंग, स्पोक, सगळं खोलून बघायचं, घासलेला भाग शोधायचा. इथूनच दोघे भाऊ कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले नांगर खपायला बराच काळ लागला.

त्यात बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

१९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले. किर्लोस्कर समूह मात्र आपलं वय आजही १८८८ पासूनच मोजतो, म्हणजे सायकलच्या दुकानापासून.